सातचे तीन ठोके

१

वायरमन सोमवारी दुपारी न्हाणीघरात पडला आणि शुक्रवारी पहाटे तिथेच मेला. मधल्या चारही संध्याकाळी, सातच्या ठोक्याला, तो गावच्या घंटेपाशी चालत आला आणि त्याने ती तीनदा वाजवली. कमरेखाली लुळा माणूस, खुबा मोडलेला, फरशीवर आडवा. तरी हजेरीच्या यादीत त्याच्या नावापुढे चार दिवस चार खुणा.

ते गाव खरं नव्हतं, हे आधीच सांगते. एका ऑनलाइन खेळातलं गाव. नदी, लाकडी पूल, विहिरीपाशी एक कुत्रा, चौकात पितळी घंटा. हजारो लोक तिथे आपापली बाहुली घेऊन हिंडतात, शेतं नांगरतात, एकमेकांची डोकी फोडतात. त्यात एक छोटी टोळी होती, ‘आठ एकटे’ नावाची. आठही जण खरोखरच एकटे राहणारे. कुणी म्हातारं, कुणी आजारी. त्यांनी एक नियम केला होता. रोज संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान प्रत्येकाने घंटा तीनदा वाजवायची. आठपर्यंत ज्याची घंटा वाजली नाही, त्याच्या घराची किल्ली ज्याच्याकडे असेल त्याने हातातलं काम टाकून जायचं आणि दार उघडायचं. या नियमाने चार वर्षांपूर्वी एका घड्याळजीचा जीव वाचवलाही होता. तेव्हापासून त्या आठांचा देवापेक्षा घंटेवर जास्त विश्वास.

शुक्रवारी वायरमनची घंटा वाजली नाही. साडेआठला त्याच्या बहिणीने कुलूप उघडलं. चाकाची खुर्ची न्हाणीघराच्या दारात आडवी अडकली होती आणि तो आत होता. जाऊन पंधरा तास झालेत, डॉक्टर म्हणाले. कशाने, असं विचारल्यावर त्यांनी नळाकडे बघितलं. नळ त्याच्या हातापासून दीड वीत वर होता.

पोलिसांनी एका दुपारीच निकाल लावला. घंटा बॉटने वाजवली होती, म्हणजे माणसाच्या जागी त्याची बाहुली चालवणाऱ्या भाड्याच्या प्रोग्रामने. तो बॉट वायरमनच्याच नावाने, त्याच्याच ईमेलवरून घेतलेला. मग उघडच आहे, कुणी वाचवायला येऊ नये म्हणून त्यानेच सोय करून ठेवली होती. अपंग, एकटा, कंटाळलेला. फाइल बंद.

दहा दिवसांनी त्याची आई माझ्या दारात उभी राहिली.

२

मी पंधरा वर्षं त्याच खेळाच्या कंपनीत बॉट पकडायचं काम केलं. उवा काढतात तसं, एकेक बट विंचरून. म्हणून सगळे मला फणी म्हणतात. गेल्या वर्षी कंपनीने माझ्या जागी बॉट पकडणारा बॉट बसवला. तो चांगल्या माणसांना हाकलतो आणि बॉटना सलाम ठोकतो, असं ऐकते. ऐकून मला झोप छान लागते.

वायरमनची आई म्हणजे आमच्या गल्लीची मावशी. माझा शाळेचा गणवेश तिनेच शिवलेला. वर्षावर्षाला उसवून मोठा करून द्यायची. आता गुडघे गेलेत, पण मशीन अजून चालवते.

“फणी, मला एकच सांग,” ती म्हणाली. “त्याला मरायचं होतं का?”

“पोलीस काय म्हणाले?”

“म्हणाले, आजी, मनाला लावून घेऊ नका. म्हणजे हो.”

मी पाणी दिलं. तिने पेल्याला हात लावला नाही.

“मी तिथेच होते गं,” ती म्हणाली. “आठांमधली एक मीच. माझी बाहुली घंटेशेजारच्या ओट्यावर बसते, सगळे येईपर्यंत. तो आला, वाजवली. मी विचारलं, जेवलास का? तर म्हणाला, हो. गोळी घेतलीस का? हो. मंगळवारी मी म्हटलं, अरे फोन का उचलत नाहीस, आवाज तरी ऐकव. तर म्हणाला, नंतर बोलू.”

“आणि तुला काही वाटलं नाही?”

“तो तसाच तुटक बोलायचा. खांबावरून पडल्यापासून.”

वायरमन विजेच्या खांबावरचं काम करायचा. सहा वर्षांपूर्वी खाली आला तो कायमचा.

“वागण्यात काही वेगळं?”

मावशीच्या चेहऱ्यावर चक्क हसू आलं. “वेगळं होतं ते चांगलंच होतं. विहिरीपाशी थांबून कुत्र्याला हाड घालायचा. आधी मला चिडवायचा, आई, तो कुत्रा चित्रातला आहे, त्याला कसली भूक! मी रोज घालते ना. मला वाटलं, चला, पोरगं आईवर जायला लागलं.”

“तू त्याच्याबरोबरच यायचीस घंटेपाशी?”

“छे. मला लवकर निघावं लागतं, वळसा पडतो. पुलावरून जायची माझी छाती होत नाही. पाणी ते पाणीच, खेळातलं झालं म्हणून काय.” मग ती उठली. “शोधून काढ. हो असेल तर हो सांग. मला गोड लावून सांगू नकोस.”

मला गोड लावता आलं असतं तर माझी नोकरी गेली नसती.

३

टकल्या अजून कंपनीत टिकून आहे, कारण तो साहेबांना कधी खरं सांगत नाही. मला मात्र सांगतो. भितो मला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने वायरमनच्या बाहुलीच्या नोंदी माझ्यासमोर ठेवल्या आणि दाराला कडी घातली.

“बॉट मरणाआधी नऊ आठवड्यांपासूनचा,” तो म्हणाला. “पण रोज नाही चालत. त्रेसष्ट संध्याकाळींपैकी एकोणतीस बॉटच्या, बाकीच्या त्याच्या स्वतःच्या.”

“फरक कसा कळला?”

“आता तू मला परीक्षेला बसवणार का? बघ की.”

मी बघितलं. वायरमन स्वतः यायचा तेव्हा धडधडत पुलावरून यायचा, वाटेत कुणाला तरी धक्का द्यायचा, घंटा वाजवून शिवी हासडायचा आणि जायचा. बॉट यायचा तो नदीकाठच्या बांधावरून, लांबच्या वळशाने. विहिरीपाशी थांबायचा, कुत्र्याला हाड घालायचा, मग घंटेचे तीन ठोके. रोज पावलाला पाऊल तसंच. कुणी काही विचारलं तर ‘हो’. लांबलचक विचारलं तर ‘नंतर बोलू’.

हे भाड्याचे बॉट मला पाठ आहेत. त्यांना स्वतःची चाल नसते. सुरुवातीला एकदा कुणीतरी फोनवर बाहुली चालवून दाखवतं, तीच चाल ते जन्मभर गिरवतात. मग कुठल्या तारखांना यायचं ते आधीच नेमून द्यायचं. नाव आणि पासवर्ड दिला की काम झालं, बॉट जगात कुठूनही चालतो.

“पासवर्ड कुणाकुणाला माहीत होता?” मी विचारलं.

“ते मला कसं ठाऊक? तुझ्या मावशीला विचार. पण एक बघ.” टकल्याने बोट ठेवलं. “मरणाच्या आठवड्यात बॉट सोमवार ते गुरुवार नेमलेला. शुक्रवारी नाही. आणि गुरुवारी काय होतं माहितीये? आठांची हजेरी सलग हजार दिवस भरली. रोज रात्री बाराच्या आत आठही घंटा, एकही खाडा नाही. कंपनीने त्यांना सोन्याची घंटा दिली. शुक्रवारी खाडा पडला तरी आता कुणाचं काय बिघडणार होतं?”

४

पासवर्ड तिघांना माहीत होता. टोळीचा म्होरक्या मुकादम आठांचे पासवर्ड वहीत लिहून ठेवायचा. मंगळवार-शनिवार येणारा मालिशवाला मालिश करता करता वायरमनसाठी खेळ लावून द्यायचा. आणि बहिणीने, धाकटीने, तर ते खातंच उघडून दिलेलं. घराची किल्लीही तिच्याकडेच. गुपित म्हणून ठेवलेली वस्तू तिघांत वाटली की तिचं काय होतं, ते शेजारणींना विचारावं.

मुकादम एका कारखान्यात चाळीस वर्षं हजेरी घेत होता. खोलीत पलंग, टेबल, तीन घड्याळं. तिन्ही मिनिटाला मिनिट सारखी. स्क्रीनवर सोन्याची घंटा झळकत होती. माणूस जाऊन दोन आठवडे झाले नव्हते आणि याने ती खाली उतरवली नव्हती.

“बॉट तुम्ही लावलात?” मी सरळच विचारलं.

“बाई, तोंड सांभाळून! चाळीस वर्षांत एक खोटी हजेरी लावली नाही मी.”

“शुक्रवारी बहिणीला फोन कुणी केला?”

“मीच. आठ वाजून एका मिनिटाने.”

“मग मंगळवारी का नाही केला?”

त्याने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. तो मुळात स्वच्छच होता.

“मंगळवारी त्याची घंटा वाजली होती,” तो म्हणाला.

“तुम्ही रोज त्याला काय म्हणायचात, मुकादम?”

“म्हणायचो, लंगड्या, आलास का. तो मला दोन शिव्या द्यायचा. आमचं तसंच होतं.”

“मग सोमवारी?”

“सोमवारी तो म्हणाला, हो.” घड्याळं तिन्ही एकदम टिकटिकत होती. “मंगळवारीही हो म्हणाला. बांधाकडून आला होता. मला कळलं. मी मूर्ख नाही.”

“मग फोन का नाही केलात?”

“त्याचा बॉट आहे असं म्हटलं असतं, तर खाडा मांडावा लागला असता. नऊशे अठ्ठ्याण्णव झाले होते,” मुकादम म्हणाला. “दोनच दिवस उरले होते हो.”

मी त्याला तिथेच थोबाडीत मारायला हवी होती. मारली नाही, कारण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. हजार दिवसांच्या हावेपायी बॉट लावणारा माणूस तो एक दिवसाआड, चार दिवसांआड असा लावत नाही. खाडा कुठल्याही दिवशी पडू शकतो. लावायचा तर रोजच. मुकादम नालायक होता, पण बॉट त्याचा नव्हता.

५

वायरमनच्या घराची किल्ली धाकटीने काही न विचारता दिली. मालिशवाल्याला मी तिथेच बोलावलं होतं. तो दारातच उभा राहिला, आत येईना.

“मंगळवारी आलो होतो की,” तो म्हणाला. “पाच वाजता. बेल वाजवली, दोन मिनिटं थांबलो. मग यादी बघितली, आदल्या संध्याकाळी घंटा वाजलेली. म्हटलं, साहेब मजेत आहेत, मागच्या वेळी भांडण झालं त्याचा राग दिसतोय. गेलो.”

“आतून हाक ऐकू आली नाही?”

त्याने गळ्यातल्या इअरफोनच्या वायरीला हात लावला. मग हात पटकन खाली घेतला.

“गाणी चालू होती,” तो म्हणाला. “काढले नाहीत मी कानातले.”

तो गेल्यावर मी खोली विंचरली. पलंग, टेबलावर बंद कॉम्प्युटर, उशाशी चार्जरला लावलेला फोन, त्यावर आईचे नऊ आणि धाकटीचे दोन न उचललेले कॉल. भिंतीवर कॅलेंडर. त्यावर काही तारखांना लाल ठिपके, वायरमनच्या हाताने काढलेले. पोलिसांनी लिहिलं होतं, ‘औषधाच्या तारखा’. मी टकल्याच्या नोंदी शेजारी धरल्या.

मरणाच्या दिवसापर्यंत एकोणतीस ठिपके. तेच एकोणतीस दिवस.

बॉट कुठल्या दिवशी येणार हे त्याला ठाऊक होतं, सोमवार ते गुरुवार आपली चौकशी करायला कुणी येणार नाही हेही ठाऊक होतं, आणि त्याच सोमवारी तो पडला. म्हणजे पोलीस बरोबर होते. मी पंधरा वर्षं उवा काढल्या आणि शेवटी एका हवालदाराच्या अकलेपुढे हात टेकायची वेळ आली. मावशीला काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत मी जिना उतरू लागले.

खालच्या मजल्यावरच्या पेन्शनर काकांनी दार उघडलं. “त्या ठोकाठोकीबद्दल आलात का?” त्यांनी विचारलं. “आता बंद झालीय म्हणा.”

“कसली ठोकाठोकी?”

“वरचा तो. न्हाणीघरात. बाटल्यांच्या कारखान्याचा सातचा भोंगा झाला की ठक, ठक, ठक. पाइपवर. तीनच. मग थोडं थांबून पुन्हा तीन. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी. म्हटलं, खिळे ठोकायला हीच वेळ सापडते का? मंगळवारी मी चिडून खालून काठीने छताला ठोकलं. तर काय सांगू, वरून कितीतरी वेळ ठकठक ठकठक! माझी बातम्यांची वेळ असते ती. शेवटी मी टीव्हीचा आवाज मोठा केला.”

“आणि गुरुवारी?”

काकांनी आठवून बघितलं. “गुरुवारी एकदाच,” ते म्हणाले. “मला वाटलं, संपलं काम एकदाचं.”

मी जिन्याच्या पायरीवर बसले. मला रडू येत होतं आणि काका चहा घेणार का विचारत होते. चार दिवस तो माणूस फरशीवर पडून सातच्या भोंग्याची वाट बघत होता. चार दिवस त्याने घंटा वाजवली होती. मोरीतल्या मगाने, पाइपवर, नियमाप्रमाणे तीन ठोके. मरायचं असलेला माणूस हजेरी लावत नाही.

मग ते लाल ठिपके कशाचे?

६

ठिपके सरळ रेषेत नव्हते. एका आठवड्यात चार, पुढच्यात दोन, मग पाच. मुकादमाचे सगळे दिवस सारखे. मालिशवाल्याचे वार ठरलेले. पासवर्ड ठाऊक असलेल्या तिघांत दर आठवड्याला दिवस बदलणारं माणूस एकच होतं. शिवाय ते ठिपके वायरमनच्या मरणानंतरही महिनाअखेरपर्यंत काढलेले होते. कुणीतरी त्याला पुढच्या तारखा आधीच सांगून ठेवल्या होत्या.

धाकटी लिफ्टच्या कंपनीत काम करते. शहरात कुणी लिफ्टमध्ये अडकलं की आतलं बटण दाबतं आणि फोन हिच्या कानात वाजतो. मी गेले तेव्हा ती हेडफोन लावून बोलत होती. “घाबरू नका, ताई. दार ओढू नका. आमचा माणूस निघालाय.” आवाज इतका धीराचा की मलाही जरा बरं वाटलं.

तिच्या मागच्या भिंतीवर ड्यूटीचा तक्ता होता. दुपारी दोन ते रात्री दहा. मी पिशवीतून वायरमनचं कॅलेंडर काढून तक्त्याशेजारी धरलं.

धाकटीने हेडफोन काढला.

“घंटा राहिली म्हणून किती वेळा बोलावलं होतं तुला?” मी विचारलं.

“पाच वेळा,” ती म्हणाली. “दुखण्याच्या गोळीने त्याला सातलाच झोप लागायची, फणीताई. घंटा राहायची. मुकादमकाका आठला फोन करायचे. मी ड्यूटी सोडून पळायची. दार उघडावं, तर दादा घोरतोय. उठवून बाराच्या आत घंटा वाजवून घ्यायची. पाचव्या वेळी मी नसताना एक बाई दोन तास लिफ्टमध्ये अडकली. साहेबांनी लेखी दिलं, आणखी एकदा जागा सोडलीस तर घरी बस.”

“मग तू बॉट घेतलास.”

“माझ्या दुपारच्या ड्यूटीच्या दिवसांपुरता. दादाला विचारून! तोच म्हणाला, लाव, तुझी नोकरी गेली तर मला कोण बघणार. तारखा मी फोनवर सांगायची, तो ठिपके काढायचा. मला म्हणाला, लाल दिवशी मी अजिबात पडणार नाही बघ.” ती हसायला गेली आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

“आईला का नाही सांगितलंत?”

“ती घंटेवर जगत होती. मी तिला काय सांगू, की ती खोटी आहे?”

“मधे एकदाही बघायला गेली नाहीस? फोन?”

“केला ना. मंगळवारी केला, उचलला नाही. बुधवारी केला, उचलला नाही. माझ्या जिवात जीव राहिना. मग मी...” ती थांबली.

“मग?”

“मग मी हजेरीची यादी उघडली. त्याच्या नावापुढे घंटा होती.” ती माझ्याकडे बघत होती, पण मी तिला दिसत नव्हते. “मला बरं वाटलं, फणीताई. देवाशप्पथ, मला बरं वाटलं. म्हटलं, वाजवलीय म्हणजे ठीक आहे. ती मीच वाजवत होते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जेवले, झोपले मी. शुक्रवारी ड्यूटी नव्हती, तेव्हा मुकादमकाकांचा फोन आला.”

स्वतः पेरलेल्या खोट्याला स्वतःच भुललेली माणसं मी कंपनीत पुष्कळ पाहिली होती. त्यांची बक्षिसं जायची, खाती बंद व्हायची. इतकं महाग कुणाला पडलं नव्हतं.

तिच्या टेबलावरचा दिवा लुकलुकू लागला. कुणीतरी कुठेतरी अडकलं होतं.

“शेवटचं एक,” मी म्हटलं. “बॉटला चाल दाखवावी लागते. तुला घंटेपर्यंत जाता येतं?”

“मला त्या खेळातलं दारसुद्धा उघडता येत नाही.”

“दादा कॉम्प्युटरवर खेळायचा. हा बॉट फोनवर शिकवावा लागतो. मग चालून कुणी दाखवलं?”

बांधावरचा वळसा, विहिरीपाशी थांबणं, कुत्र्याला हाड. मला उत्तर नकोच होतं.

“साडेसहाला आईकडे ये,” मी म्हटलं.

“माझी ड्यूटी आहे.”

मी तिची बॅग उचलून तिच्या हातात दिली. ती उठली, हेडफोन टेबलावर ठेवला आणि माझ्या आधी बाहेर पडली. दिवा लुकलुकत राहिला.

७

मावशी मशीनपुढे बसली होती. मी तिला आधी चांगली बातमी दिली. खरं तर ती वाईट होती, पण तिने मागितली होती तीच.

“त्याला मरायचं नव्हतं, मावशी. चार दिवस तो पाइप ठोकत होता. सातला, तीनदा. कुणीतरी यावं म्हणून.”

मावशीने डोळे मिटले. “मला माहीत होतं,” ती म्हणाली. मग, “तीन ठोके?”

“तीन.”

“मग घंटा कुणी वाजवली?”

धाकटीने सगळं सांगितलं. दाराजवळ उभी राहून, बॅग खांद्यावरून न काढता. मावशी ऐकत होती, मधेच कापडाची कड दुमडत होती. शेवटी म्हणाली, “नोकरीसाठी केलंस. त्याला विचारून केलंस. मग चाल कुणाची? तो तर पुलावरून यायचा.”

मी इथे थांबू शकले असते. तिने विचारलं होतं, त्याला मरायचं होतं का, आणि त्याचं उत्तर मी दिलं होतं. पण माझ्या अंगात फणीचा स्वभाव आहे. एक ऊ उरली तरी मला चैन पडत नाही. त्या स्वभावाची मला आजही लाज वाटते.

“खेळ उघड, मावशी,” मी म्हटलं. “सात वाजतायत.”

त्या शुक्रवारपासून तिने खेळ उघडला नव्हता. तिने फोन घेतला, नाकाजवळ धरला. तिची बाहुली ओट्यावर बसलेलीच होती. आज लाल ठिपक्याचा दिवस होता आणि बॉट महिनाअखेरपर्यंत घेतलेला होता. तो बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

बांधावरून वायरमन आला. सावकाश, काठाकाठाने, पाण्यापासून चार हात दूर. विहिरीपाशी थांबला. वाकून कुत्र्याला हाड घातलं. घंटेपाशी आला आणि तीन ठोके दिले.

मावशी फोनकडे बघत राहिली. तिच्या गुडघ्यावरचं कापड घसरून खाली पडलं.

“एका रविवारी,” ती हळूच म्हणाली. “तू आली होतीस, धाकटे. तुझ्या फोनवर होती त्याची बाहुली. म्हणालीस, आई, दादाला घंटेपर्यंत नेऊन दाखव, नवीन काहीतरी आहे. तो स्पीकरवर हसत होता. म्हणाला, आई, माझे पाय आज तू चालव.”

“आई...”

“मी चालवले.”

“आई, तुझा काय दोष? तुला ठाऊक नव्हतं.”

“मला वाटलं, पोरगं माझ्यावर गेलं,” मावशी म्हणाली. “चार दिवस मी माझ्याच चालीला विचारत होते, जेवलास का.”

धाकटीने पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. मावशीने तो काढला. झटकून नव्हे, टाचणी काढावी तसा, दोन बोटांनी.

“तू आता येत जाऊ नकोस,” ती म्हणाली. “तुला ड्यूटी असते. तुझ्या जागीही असाच एक पाठव. विचारलं की हो म्हणेल.”

“आई, असं नको गं बोलू.”

“जा. लिफ्टमध्ये कुणी अडकलं असेल.”

धाकटी गेली. जिन्यावर तिची पावलं थांबली, बराच वेळ थांबली, मग उतरली. मी खाली पडलेलं कापड उचलून मशीनवर ठेवलं.

“तो बंद करता येतो, मावशी,” मी म्हटलं. “मी आत्ता करते.”

“थांब.”

तिने चष्मा नाकावर सारखा केला आणि एकेक अक्षर शोधत लिहायला लागली. वायरमन घंटेपाशी उभा होता. मी तिच्या खांद्यावरून वाचलं.

‘पाणी प्यायलास का?’

उत्तर लगेच आलं.

‘हो.’